समुद्रातील मानवनिर्मित आवाज आणि सागरी जीवसृष्टी : एक विवेचन

सारांश :

जहाजवाहतूक, तेल व वायूचा शोध, नौदलाच्या ध्वनिशोधक यंत्रणा आणि समुद्रातील बांधकामे यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून समुद्रातील आवाजात मोठी भर पडली आहे. प्रस्तुत लेखात पाण्यातील ध्वनीचे स्वरूप, सागरी जीवांच्या जीवनातील त्याचे स्थान, मानवनिर्मित आवाजाचे स्रोत व परिणाम आणि त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे. स्रोत थांबताच हे प्रदूषण थांबते, पाण्यात त्याचा अवशेष राहत नाही. त्यामुळे त्याचे नियंत्रण इतर अनेक प्रदूषणांच्या तुलनेत अधिक शक्य कोटीतील आहे, असा या लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

बीजसंज्ञा : ध्वनिप्रदूषण, सागरी सस्तन प्राणी, सोनार, एअरगन, जहाजवाहतूक, सागरी कायदा.

प्रस्तावना :

प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळवंडलेली नदी, धुराने कोंदलेले शहर किंवा किनाऱ्यावर साचलेले प्लास्टिक उभे राहते. ध्वनिप्रदूषणाचा विचार करताना आपल्याला वाहनांचे भोंगे, कारखाने आणि उत्सवातील ध्वनिक्षेपक आठवतात. समुद्राच्या पोटात काय ऐकू येत असेल, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. माणसाचा कान हवेतून ऐकण्यासाठी घडलेला आहे. पाण्यात बुडी मारली की बाहेरचे आवाज तुटतात आणि सारे काही शांत झाल्याचा भास होतो. झाक कुस्तो यांच्या १९५६ सालच्या सुप्रसिद्ध सागरी चित्रपटाच्या फ्रेंच नावाचा अर्थही ‘मौनाचे जग’ असाच आहे.

वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. समुद्र कधीच मूक नव्हता. लाटा, पाऊस, हिमखंडांचे तुटणे, समुद्रतळाचे भूकंप आणि असंख्य जीवांचे आवाज यांनी तो सदैव भरलेला असतो. सागरी जीवसृष्टी लक्षावधी वर्षे या नैसर्गिक आवाजांच्या सोबतीने विकसित झाली. त्यात माणसाने घातलेली भर मात्र अवघ्या शंभर-दीडशे वर्षांतील आहे. या भरीचे स्वरूप समजून घेण्यासाठी प्रथम पाण्यातील ध्वनीचा विचार करणे आवश्यक आहे.

पाण्यातील ध्वनीचे स्वरूप :

ध्वनी हवेत दर सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. समुद्राच्या पाण्यात हा वेग सुमारे १,५०० मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक असतो. प्रकाशाची स्थिती याहून वेगळी आहे. सुमारे २०० मीटर खोलीखाली प्रकाशसंश्लेषणास पुरेल इतका प्रकाश पोहोचत नाही आणि १,००० मीटरखाली सूर्यप्रकाश जवळजवळ नसतोच. जिथे पाहता येत नाही तिथे ऐकूनच जगावे लागते. म्हणून जमिनीवर दृष्टीला जे स्थान आहे, ते समुद्रात बऱ्याच अंशी श्रवणाला आहे.

कमी वारंवारतेचा ध्वनी पाण्यात फार कमी शोषला जातो. शिवाय समुद्राची रचनाही त्याला साहाय्यभूत ठरते. वरच्या थरात खोलीबरोबर तापमान घटते, त्यामुळे ध्वनीचा वेगही घटतो. त्याहून खोल गेल्यावर वाढत्या दाबामुळे तो पुन्हा वाढू लागतो. मध्य अक्षांशांच्या प्रदेशात साधारण १,००० मीटर खोलीवर हा वेग किमान असतो. ध्वनिलहरी कमी वेगाच्या थराकडे वळत असल्यामुळे या थरात सापडलेला आवाज वर किंवा खाली फारसा न विखुरता दूरवर जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन संशोधक मॉरिस युइंग यांनी हा ध्वनिमार्ग उजेडात आणला.

त्याची व्याप्ती किती असू शकते याचा पडताळा जानेवारी १९९१ मध्ये आला. दक्षिण हिंद महासागरातील हर्ड बेटाजवळून वॉल्टर मुंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात सोडलेले कमी वारंवारतेचे संकेत अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांलगत टिपले गेले. याच प्रयोगातील आणखी एक निरीक्षण लक्षणीय आहे. प्रयोगापूर्वी त्या परिसरात स्पर्म आणि पायलट या देवमाशांचे आवाज ऐकू येत होते. संकेत सुरू असण्याच्या काळात ते ऐकू आले नाहीत.

येथे मापनाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. पाण्यातील आणि हवेतील डेसिबलचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. हवेतील मापनाचा आधार २० मायक्रोपास्कल, तर पाण्यातील मापनाचा आधार १ मायक्रोपास्कल इतका दाब असतो. दोन्ही माध्यमांचे गुणधर्मही भिन्न आहेत. समान तीव्रतेसाठी पाण्यातील आकडा हवेतील आकड्यापेक्षा सुमारे ६२ ने अधिक येतो. म्हणून पाण्यातील १८० डेसिबल म्हणजे हवेतील १८० डेसिबल नव्हे. मात्र वाढीचा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. ३ डेसिबलची वाढ म्हणजे तीव्रता दुप्पट आणि १० डेसिबलची वाढ म्हणजे तीव्रता दहापट होय.

सागरी जीवांचे ध्वनिविश्व :

देवमाशांच्या आवाजाकडे जगाचे लक्ष वेधले ते १९७१ मध्ये. रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी कुबड्या देवमाशांच्या आवाजात ठरावीक रचनांची क्रमबद्ध पुनरावृत्ती असल्याचे दाखवून दिले आणि त्यांना ‘गीते’ ही संज्ञा रूढ झाली. त्याच वर्षी पेन व डग्लस वेब यांनी फिन देवमाशाच्या सुमारे २० हर्ट्झच्या हाकेचे गणित मांडले. यांत्रिक जहाजांपूर्वीच्या शांत समुद्रात ही हाक शेकडो, अनुकूल स्थितीत हजारो किलोमीटर अंतरावर ऐकू जाऊ शकली असती, असा त्यांचा निष्कर्ष होता. विस्तीर्ण महासागरात विखुरलेल्या या प्राण्यांना जोडीदार शोधण्याचे याहून प्रभावी साधन नाही.

दात असलेले देवमासे आणि डॉल्फिन ध्वनीचा आणखी एक उपयोग करतात. ते उच्च वारंवारतेचे ध्वनी सोडतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याचे स्थान व अंतर ओळखतात. मासेही आवाजापासून अलिप्त नाहीत. आपल्या बाजारात महागडा मानला जाणारा घोळ हा ज्या कुळातला आहे, त्या कुळातील मासे पोटातील वायूच्या पिशवीलगतचे स्नायू वेगाने आकुंचित करून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात. कोळी बांधव ज्याला ‘बोत’ म्हणतात तीच ही पिशवी. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवाळभित्तीचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवलेल्या कृत्रिम भित्तींकडे पिल्ले अधिक संख्येने आली, असे त्यात आढळले. डोळ्यांना न दिसणारे घर ही पिल्ले कानांनी शोधतात, असा याचा अर्थ होतो.

मानवनिर्मित आवाजाचे स्रोत :

अ) जहाजवाहतूक : जगाच्या व्यापारातील आकारमानाने सुमारे ८० टक्के माल समुद्रमार्गे जातो. जहाजाचा पंखा वेगाने फिरताना त्याच्या पात्यांजवळ दाब घटून बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. जहाजाच्या आवाजाचा मोठा भाग या प्रक्रियेतून निर्माण होतो. हा आवाज प्रामुख्याने काही शे हर्ट्झच्या खालचा असतो. मोठ्या देवमाशांच्या हाकाही याच पट्ट्यातल्या. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडील सॅन निकोलस बेटाजवळ १९६०च्या दशकाच्या मध्यास आणि पुन्हा २००३-०४ मध्ये घेतलेल्या नोंदींची तुलना २००६ साली प्रसिद्ध झाली. ३० ते ५० हर्ट्झ या पट्ट्यात तेथील पार्श्वभूमीचा आवाज १० ते १२ डेसिबलने, म्हणजे तीव्रतेच्या भाषेत दहा ते सोळा पटींनी वाढलेला होता.

आ) तेल व वायूचा शोध : समुद्रतळाखालील साठे शोधण्यासाठी जहाजामागे ओढलेल्या एअरगनमधून दाबलेली हवा एकदम सोडली जाते. हे स्फोटवजा आवाज साधारणतः दर दहा-पंधरा सेकंदांनी, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे चालू राहतात. अटलांटिक महासागराच्या मध्यभागी ठेवलेल्या ध्वनिग्राहकांनी हजारो किलोमीटरवरील असे आवाज टिपले आहेत.

इ) सोनार : पाणबुड्या शोधण्यासाठी नौदले तीव्र ध्वनिसंकेत पाण्यात सोडतात. त्यांपैकी मध्यम वारंवारतेच्या सोनारचा संबंध देवमाशांच्या मृत्यूशी जोडला गेला आहे.

ई) बांधकाम : बंदरे, पूल आणि सागरी पवनचक्क्या यांसाठी तळात खांब ठोकताना होणाऱ्या आघातांचा आवाज दूरवर जातो. उत्तर समुद्रात अशा कामांच्या वेळी पॉरपॉइज हे लहान सस्तन प्राणी सुमारे २० किलोमीटरपर्यंतचा परिसर सोडून जात असल्याचे आढळले आहे.

सागरी जीवांवरील परिणाम :

१) हाक झाकली जाणे : हा परिणाम सर्वांत व्यापक आणि सर्वांत कमी जाणवणारा आहे. गोंगाटात दोन माणसांचे बोलणे जसे एकमेकांपर्यंत पोहोचत नाही, तसेच येथे होते. आवाज सर्व दिशांना सारखा पसरतो असे मानल्यास अंतर दुप्पट झाल्यावर तो ६ डेसिबलने घटतो. त्यामुळे पार्श्वभूमीचा आवाज ६ डेसिबलने वाढला, की हाक ऐकू येण्याचे अंतर निम्म्यावर आणि त्याभोवतीचे क्षेत्र एक-चतुर्थांशावर येते. प्राण्याला इजा होत नाही, रक्त सांडत नाही. त्याचे जग मात्र आक्रसते. उत्तर अटलांटिकमधील राइट देवमाशांनी गेल्या काही दशकांत आपल्या हाकांची वारंवारता वाढवल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. वाढत्या गोंगाटाशी जुळवून घेण्याचा हा प्रयत्न असावा, असे संशोधक मानतात.

२) शारीरिक ताण : ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर कॅनडातील फंडीच्या उपसागरातील जहाजवाहतूक काही काळ घटली. त्या वेळी तेथे राइट देवमाशांविषयी स्वतंत्र अभ्यास चालू होते. रोझलिंड रोलँड व सहकाऱ्यांनी या नोंदी एकत्र करून २०१२ साली निष्कर्ष मांडला. पाण्यातील आवाज ६ डेसिबलने घटला होता आणि देवमाशांच्या विष्ठेतील ताणदर्शक संप्रेरकांचे प्रमाणही खाली आले होते. कोणीही योजलेला नसलेला हा प्रयोग होता. एरवीच्या दिवसांत हे प्राणी सततच्या ताणाखाली जगत असावेत, हे त्यातून पुढे आले. या जातीचे चारशेहूनही कमी प्राणी आज शिल्लक आहेत. जहाजांच्या धडका आणि मासेमारीच्या दोरखंडांत अडकणे ही त्यांच्या मृत्यूची प्रमुख कारणे आहेत; आवाजाचा ताण हा त्यावरचा अधिकचा भार होय.

३) प्रत्यक्ष मृत्यू : मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर सुमारे दीड दिवसाच्या अवधीत सतरा सागरी सस्तन प्राणी किनाऱ्याला लागले. त्यांत चोचीच्या देवमाशांची संख्या अधिक होती. मृत प्राण्यांच्या कानांच्या परिसरात रक्तस्राव आढळला. अमेरिकन नौदल आणि तेथील सागरी प्रशासन यांच्या डिसेंबर २००१ च्या संयुक्त अहवालाने त्या परिसरात वापरलेल्या सोनारकडे बोट दाखवले. पुढे सप्टेंबर २००२ मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांजवळ नौदलाचा सराव सुरू झाल्यावर काही तासांतच चोचीचे देवमासे किनाऱ्यावर येऊ लागले. त्यांची संख्या चौदा झाली. त्यांच्या अवयवांत वायूच्या बुडबुड्यांशी निगडित जखमा आढळल्या. पाणबुड्या माणूस घाईने वर आल्यास त्याच्या रक्तात बुडबुडे होतात, तशा प्रकारची ही अवस्था होती. चोचीच्या देवमाशाची एक जाती सुमारे ३,००० मीटर खोलीपर्यंत सूर मारते. इतक्या कुशल पाणबुड्याची ही गत व्हावी, याचे कारण आवाजाने घाबरून त्याची सूर मारण्याची नैसर्गिक लय बिघडणे हे असावे, असे मानले जाते.

४) मासे व लहान जीव : बॅरेंट्स समुद्रातील १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एअरगनच्या वापरानंतर कॉड व हॅडॉक या माशांची पकड सुमारे ३३ किलोमीटरपर्यंतच्या परिसरात घटल्याचे आढळले. म्हणजेच हा प्रश्न मच्छीमारांच्या उपजीविकेचाही आहे. टास्मानियाजवळील २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका एअरगनच्या वापरानंतर मृत प्राणिप्लवकांचे प्रमाण दोन ते तीन पट वाढले आणि हा परिणाम १.२ किलोमीटरपर्यंत दिसला. प्लवक हा सागरी अन्नसाखळीचा पाया आहे, हे लक्षात घेता या निष्कर्षाचे गांभीर्य कळते. ग्रेट बॅरियर रीफवरील २०१६ च्या अभ्यासानुसार मोटारबोटीच्या आवाजात लहान मासे भक्षकाच्या तोंडी सापडण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले.

उपाययोजना आणि कायदा :

समुद्रात गेलेले प्लास्टिक शतकानुशतके टिकते, पारा माशांच्या शरीरात साचतो. आवाजाचे तसे नाही. इंजिन बंद झाले की काही क्षणांत किंवा मिनिटांत त्याचा आवाजही विरतो. फंडीच्या उपसागरातील अनुभव हेच सांगतो. कॅनरी बेटांचा अनुभव त्याहून बोलका आहे. स्पेनने २००४ मध्ये त्या परिसरात नौदलाच्या सोनारवर बंदी घातली. त्यानंतर तेथे चोचीचे देवमासे सामूहिकरीत्या किनाऱ्याला लागण्याची घटना घडली नसल्याचे २०१३ मध्ये संशोधकांनी नमूद केले.

तांत्रिक उपायही उपलब्ध आहेत. पंख्याची सुधारित रचना आणि इंजिनाखाली कंपनरोधक बैठक यांमुळे जहाजे शांत होऊ शकतात. वेग कमी करणे हा तर सर्वांत सोपा मार्ग आहे. जगातील जहाजांचा वेग १० टक्क्यांनी घटवल्यास त्यांच्या आवाजाची एकूण ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी घटेल आणि कार्बन उत्सर्जनही कमी होईल, असा एक अंदाज आहे. कॅनडातील व्हँकूव्हर बंदराकडे जाणाऱ्या मार्गावर २०१७ पासून किलर देवमाशांच्या रक्षणासाठी जहाजे स्वेच्छेने वेग कमी करू लागली. जर्मनीने सागरी पवनचक्क्यांचे खांब ठोकताना ७५० मीटर अंतरावर १६० डेसिबलची ध्वनिमर्यादा घातली आहे. त्यासाठी खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा निर्माण केला जातो.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने सागरी प्रदूषणाची व्याख्या करताना समुद्रात सोडलेल्या ‘पदार्थां’बरोबर ‘ऊर्जे’चाही समावेश केला आहे. ध्वनी ही ऊर्जाच असल्यामुळे तो या व्याख्येत बसतो. युरोपीय संघाच्या २००८ च्या सागरी धोरणविषयक निर्देशात पाण्यातील आवाज हा सागरी पर्यावरणाच्या आरोग्याचा एक निकष मानला आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये जहाजांचा आवाज कमी करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली आणि २०२३ मध्ये ती सुधारली. मात्र ही तत्त्वे ऐच्छिक आहेत, ही त्यांची मोठी मर्यादा होय.

भारतीय संदर्भ :

भारताने उपरोक्त सागरी कराराला १९९५ मध्ये मान्यता दिली. तथापि आपल्या देशांतर्गत कायद्यात ध्वनीचे स्थान वेगळे आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण नियंत्रण कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने ‘हवा प्रदूषक’ या संज्ञेत आवाजाचा समावेश झाला. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियमही हवेतील आवाजासंबंधी आहेत. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती शांतता क्षेत्रे आखण्याची तरतूद त्यांत आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातील प्रदूषणाच्या व्याख्येत मात्र आवाजाचा स्पष्ट उल्लेख नाही. आपल्या कायद्याच्या दृष्टीने आवाज ही मूलतः हवेतली गोष्ट आहे.

गंगेतील डॉल्फिन जवळजवळ दृष्टिहीन असून तो प्रतिध्वनीवरच जगतो. हा आपला राष्ट्रीय जलचर प्राणी होय. त्याच गंगेतील हल्दिया ते अलाहाबाद (आताचे प्रयागराज) हा मार्ग १९८६ पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ आहे. उथळ पाण्यात यांत्रिक जहाजांच्या आवाजामुळे या डॉल्फिनांच्या ध्वनिवर्तनात बदल होतो आणि त्यांच्यावर ऊर्जेचा अतिरिक्त ताण पडतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या अभ्यासात दिसून आले.

अरबी समुद्रातील कुबडे देवमासे ध्रुवीय समुद्राकडे स्थलांतर करीत नाहीत. ते वर्षभर याच समुद्रात राहतात. ओमानजवळ नोव्हेंबर २०१७ मध्ये उपग्रह-संदेशक लावलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आली आणि दक्षिण टोकाकडे गेली. मुंबई, न्हावा-शेवा आणि मुरगाव या बंदरांकडे जाणारी जहाजे ज्या पाण्यातून ये-जा करतात, त्याच पाण्याशी या प्राण्यांचाही संबंध आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण येथील मोठ्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. मालवणपासून गोव्यापर्यंत डॉल्फिन, म्हणजे कोकणातला ‘गादा’, दाखवण्यासाठी यांत्रिक बोटी पर्यटकांना घेऊन त्यांच्या जवळ जातात.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. जून २०१५ मध्ये रेवदंडा येथे निळा देवमासा, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे देवमाशाचे पिल्लू किनाऱ्याला लागले होते. अशा प्रत्येक घटनेमागे आवाजच आहे असे मानणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य नाही. आजार, उपासमार, मातेपासून ताटातूट, जहाजाची धडक अशी अनेक कारणे संभवतात. बहामा आणि कॅनरी येथील निष्कर्ष भक्कम ठरले, कारण तेथे शवविच्छेदन वेळेवर झाले आणि सोनारच्या वापराच्या वेळा ज्ञात होत्या. नोंदींशिवाय कारणमीमांसा होत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. समुद्रातील मानवनिर्मित आवाज प्लवकांपासून देवमाशांपर्यंत सर्व स्तरांवरील जीवांना बाधक ठरतो. त्याचे अनेक परिणाम मृत्यूच्या रूपाने दिसत नाहीत; हाक न पोहोचणे, भक्ष्य न सापडणे आणि सततचा ताण या रूपांनी ते साचत जातात. आवाज कमी केल्यास मात्र सुधारणा त्वरित होते, याचे पुरावे उपलब्ध आहेत.

या विषयाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की तो कोणत्याही एका विद्याशाखेत सामावत नाही. ध्वनीचे प्रसरण भौतिकशास्त्राचे, श्रवण प्राणिशास्त्राचे, जहाजवाहतूक भूगोल व अर्थशास्त्राचे, तर ‘प्रदूषण’ या शब्दाची व्याप्ती कायद्याच्या अभ्यासकाचे क्षेत्र आहे. किनाऱ्यालगतच्या महाविद्यालयांनी आपापल्या खाडीत ध्वनिग्राहक सोडून वर्षभराच्या नोंदी ठेवल्यास तो आंतरविद्याशाखीय प्रकल्पाचा उत्तम विषय होईल. एखादे बंदर उभे राहण्यापूर्वीची स्थिती नोंदवली असेल, तरच नंतरचा बदल मोजता येतो; ती वेळ एकदा निघून गेली की परत येत नाही. जमिनीवर रुग्णालय आणि शाळेभोवती शांतता असावी हे आपण तत्त्व म्हणून स्वीकारले आहे. ज्यांचे सारे जगणे श्रवणावर अवलंबून आहे, त्या जीवांच्या प्रजननाच्या व पिल्ले वाढवण्याच्या जागांना हेच तत्त्व लागू करणे न्याय्य ठरेल.